ठीक सातची फेरी

१२ ऑक्टोबर, रविवार

वहिनी आज सकाळी घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडभर हसू घेऊन. या वयाच्या बाईला दोन्ही शोभत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, पाणमांजर दिसलं! काठावर बसून दोन्ही हातांनी मासा खात होतं, अगदी माणसासारखं." मी म्हटलं, "खाईना का. इथे दूध उतू गेलंय ते बघ."

नवी वही आहे, म्हणून पहिल्याच पानावर वस्तुस्थिती मांडून ठेवते. एक्सचेंजमध्ये कुठलीही तक्रार वर पाठवताना आम्ही हेच करायचो.

वस्तुस्थिती अशी. जूनमध्ये मी टेलिफोन एक्सचेंजमधून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं. दादाच्या घरात माडीवरची खोली रिकामी होती, तिथे आले. माझा मोठा भाऊ, दादा, तीन वर्षांपूर्वी गेला. खाली वहिनी एकटी राहते, तिला सोबत हवी म्हणून मी आले. घर नदीच्या काठाला, समुद्र हाकेच्या अंतरावर. समोर चिखल, कांदळवन आणि मधोमध वाळूचा एक लांब दांडा, जो कधी दिसतो आणि कधी दिसत नाही.

आता तक्रार. पलीकडच्या काठावर गुरांचा एक निवृत्त डॉक्टर राहतो. उंच, करड्या केसांचा, मान पुढे काढून चिखलात तासन् तास उभा. मी त्याला बगळा म्हणते. हा माणूस लोकांना पक्षी आणि प्राणी दाखवत खाडीतून फिरवतो. खाडीत उतरायची वाट आमच्या मागच्या दारातून जाते, म्हणून सगळी वरात आमच्या ओसरीवर जमते. वहिनी त्याला 'मदत' करते.

गेल्या आठवड्यात तो माझ्या खोलीच्या सज्जात उभा राहून म्हणाला, "इथून सगळी खाडी दिसते. इथे एक दुर्बीण कायमची लावायला हवी."

कायमची! म्हणजे माझी खोली जाणार, तिथे याची पक्षीशाळा होणार आणि मी जिन्याखाली.

आज जेवताना वहिनी म्हणाली, "वन्सं, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय," आणि वर निघून आले. काय बोलायचंय ते मला माहीत आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शत्रूचा तळ आतून बघायचा असं ठरवून आज फेरीला गेले. एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको आणि आणखी काही मंडळी. सगळ्यांच्या अंगात खिशांचे कपडे. इतके खिसे आणि एकातही रुमाल नाही. दातांच्या डॉक्टरची बायको सारखी शिंकत होती.

बोलायचं नाही असा नियम. बगळा नुसतं बोट दाखवतो आणि सगळे "आहाऽ" करतात, तेही आवाज न करता. मला बराच वेळ चिखल दिसला. मग चिखलात चिखल हलताना दिसला, तो खेकडा होता. त्याचा एक डेंगा अंगापेक्षा मोठा. तो हवेत वरखाली करत उभा होता, अगदी आमच्या विभागीय साहेबांसारखा.

येताना एक खंड्या दिसला. निळा. इतका निळा की मुद्दाम केल्यासारखा वाटला. असो.

या माणसाला वेळेची शिस्त नाही. परवा दुपारी अडीचला जमा म्हणाला, काल सव्वातीनला, आज चारला! मी सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, तुमची घड्याळं किती आहेत?"

तो म्हणाला, "वेळ पाणी ठरवतं, ताई. मी नाही."

मी म्हटलं, "आमच्याकडे मी ठरवायचे."

दातांच्या डॉक्टरला हसू आलं. वहिनीलाही आलं, पण ती मान वर करून बगळ्याकडे बघून हसली, त्याच्या कोपराएवढीच तर आहे. बगळ्याने मला भरती-ओहोटीचा छापील तक्ता दिला. आकड्यांचं जंजाळ. कपाटाच्या खणात अंथरायला बरा आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

रोज जाते. नजर ठेवायची तर रोज जायला हवं.

दादाची दुर्बीण कपाटातून काढली. दादा तिने पक्षी बघत नसे. कोण कुठल्या होडीने आलं आणि कोणाशी बोललं, ते बघायचा. वहिनी बाजारातून परत येताना उशीर झाला तर त्याला आधीच कळलेलं असायचं. फार काळजी घ्यायचा. शिस्तीचा माणूस. चहा जरा कोमट आला की कप सरळ खिडकीबाहेर. परत म्हणून कधी कोमट आला नाही.

वहिनीच्या लक्षात तो किती आहे, देव जाणे. दादा असताना ही बाई कधी मोठ्याने हसलेली मला आठवत नाही. किती सोज्वळ होती! आता चिखलातून चालताना गुणगुणते. दुःखाने माणूस असा बिघडतो.

दुर्बीण चांगली आहे. पलीकडच्या काठावरच्या पाणकावळ्यांनी पंख वाळत घातलेले दिसतात, दोरीवर काळे कोट टांगावेत तसे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाचीचा फोन. दादाची एकुलती एक मुलगी. लांबच्या शहरात नोकरी करते आणि महिन्यातून एकदा मला पाच मिनिटं देते. आज मात्र बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाली, "आत्या, आई तुझ्याशी बोलली का गं?"

"कशाबद्दल?"

"नाही... काही नाही. आईच बोलेल."

म्हणजे हिलाही माहीत आहे. घरातलं सगळ्यांना आधी कळतं, ज्याच्या खोलीचा प्रश्न आहे ती सोडून. तीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडल्या. कोण काय लपवतंय ते मला नुसत्या श्वासावरून कळतं. या दोघी माझ्या खोलीबद्दलच काहीतरी लपवतायत.

संध्याकाळी वहिनीने पुन्हा सुरुवात केली. "वन्सं, तुम्ही जरा बसता का—" मी म्हटलं, "मला बसायला वेळ नाही, मला पत्रं लिहायची आहेत." पत्रं कोणाला लिहायची ते मग वर येऊन ठरवलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मोठी बातमी. वहिनीचा गुडघा धरला. तीन-चार दिवस लंगडतेय. कधी डावा, कधी उजवा. मी तसं म्हटल्यावर म्हणाली, दुखणं फिरतं आहे.

"आता चिखलात कशी जाणार?" तिने उसासा टाकला. "आणि डॉक्टरांनाही हल्ली झेपत नाही. वन्सं, मी काय म्हणते, रविवारच्या फेऱ्या तुम्हीच न्या ना! तुमच्यासारखी शिस्त आम्हा दोघांना कुठली जमायला."

ही गोष्ट खरी आहे. शिवाय फेरी माझ्या हातात आली की बगळ्याला आमच्या ओसरीवर यायचं कारणच उरणार नाही. त्याची दुर्बीण त्याच्यापाशी, माझी खोली माझ्यापाशी. मी आढेवेढे घेऊन हो म्हटलं.

बगळ्याने एका आड एक रविवारच्या तारखा लिहून दिल्या. तारखा त्याच्याच ठेवल्या. वेळ मात्र मी ठरवली. ठीक सात. पाणी बिणी काही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. सातला सगळे रांगेत. उशिरा आलेल्या दोघांना ओसरीवर उभं राहून वाट पाहायला लावली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मदर सुपिरियर अशीच शिट्टी वाजवायच्या, तशी वाजवत नेलं. दांड्यावरून पायांत काठ्या लावल्यासारखे लांब पायांचे पक्षी उडाले, बहुधा शिट्टीमुळे. पण उडतानाच ते जास्त चांगले दिसतात.

कोणी बुडालं नाही. कोणाचे पायही फारसे भिजले नाहीत. पाणी वेळ ठरवतं म्हणे!

घरी आले तर वहिनी पाय वर घेऊन पडलेली. बिचारीच्या गालांना ताप आल्यासारखी लाली. दोन कप विसळून पालथे घातलेले होते. दुखण्यात चहा जास्त लागतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरी फेरी, पहिलीहून उत्तम. लोक मला 'मॅडम' म्हणतात. रोज सकाळी मी एकटी काठाने फिरून सराव करते, लांबवर जाते. आता तुतवार आणि चिखल्या या पक्ष्यांतला फरक मला शेपटीच्या हलण्यावरून कळतो. बगळ्याने सांगितला नव्हता, मी माझा काढला.

बगळा फिरकतसुद्धा नाही. हरला. दुकानात जाऊन दुकानदारीणबाईंना मी तसं म्हटलं. त्या वजन करता करता म्हणाल्या, "हरले? मग घर कशाला रंगवायला काढलंय त्यांनी? स्वयंपाकघरात नवा ओटा पण घालतायत म्हणे. तोही कमी उंचीचा."

"असेल. तिथे पक्षीशाळा काढणार असतील."

"पक्ष्यांना ओटा?" आणि बाई इतक्या हसल्या की तराजू हलला. अशा माणसांनी दुकान चालवू नये.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पाऊस नाही, फेरी नाही, काही नाही. म्हणून खरं ते लिहिते.

ही खोली गेली तर माझ्याकडे दुसरी नाही. एक्सचेंजमध्ये असताना मला वाटायचं, सगळ्या गावाच्या तारा माझ्या हाताखालून जातात. निवृत्तीच्या दिवशी हार घातला, पेढा दिला, आणि दुसऱ्या दिवशी क्वार्टरच्या दारावर पुढच्या माणसाचं नाव. या माडीवर माझी खाट, टेबल आणि सज्जा आहे. सज्जातून खाडी दिसते. हिशेब इतकाच आहे. वहिनीने एकदा सरळ सांगितलं की खोली सोडा, तर मला सोडावी लागेल. घर तिचं आहे. म्हणून मी तिला बोलूच देत नाही. न बोललेली गोष्ट कोणाला अमलात आणता येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पाणमांजर दिसलं.

फेरी संपल्यावर मी एकटी मागे राहिले होते. आधी डोकं वर आलं, मग दुसरं, मग तिसरं. आई आणि दोन पिल्लं. पिल्लांना पाण्यात जायचं नव्हतं. आईने एकाची मानगूट धरली आणि दिलं बुडवून. ते किंचाळत वर आलं आणि पोहायला लागलं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अशाच पोहायला शिकवत.

हसत हसत घरी आले. सांगायला वहिनी घरात नव्हती. गुडघ्याचं मलम आणायला गेली होती म्हणे. जेवायच्या वेळेला आली, केसांना रंगाचा ठिपका लागलेला. पिवळा. मलमाच्या दुकानातही रंगकाम चाललं असेल.

तिला पाणमांजरांचं सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वन्सं, किती बरं वाटतं तुम्हाला असं बघून! आता तरी ऐकता का माझं—" मी हात सोडवून घेतले. गोड बोलून घाला घालायची ही रीत मला माहीत आहे.

१० डिसेंबर, बुधवार

कीर्ती पसरते आहे. शिवणक्लासच्या पाच बायकांना खास फेरी हवी आहे. त्यांना रविवार जमत नाही, म्हणून उद्याचा गुरुवार दिला. ठीक सात. बगळ्याच्या तारखांचं कौतुक आता पुरे झालं.

११ डिसेंबर, गुरुवार

हे लिहिताना माझे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात आहेत.

सातला निघालो. दांड्यावर जायच्या वाटेवर घोट्याएवढं पाणी होतं. मागच्या वेळी नव्हतं. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, दव पडतं. दांड्याच्या टोकाला गेलो. शिवणक्लासची मंडळी बोलकी, शिट्टीला न जुमानणारी, पण नजर सुईच्या नेढ्याची. पाणमांजरांची वाट त्यांनीच आधी ओळखली, वाळूवर शेपटीचा ओरखडा होता. आम्ही सगळ्या उकिडव्या बसून तो बघत होतो.

"मॅडम," एक म्हणाली, "पाणी येतंय का हो?"

"येत नाही. तुम्हाला भास होतोय."

"तो भास माझ्या चपलेत शिरला!"

मी मागे वळून पाहिलं. आम्ही आलो होतो ती वाट नव्हती. तिथे नदी होती. वाहती, रुंद आणि अतिशय निर्धास्त. दांडा दोन्ही बाजूंनी बारीक होत चालला होता, कोणीतरी कडेने कातरत आणल्यासारखा.

मी शिट्टी वाजवली. पहिल्यांदा शिस्तीची. मग दुसऱ्या प्रकारची.

पलीकडच्या काठावरून होडी सुटली. बगळ्याच्या घरापासून. दुर्बीण लावली. मागे बगळा होता आणि पुढे बसून वल्ही मारत होती वहिनी. गुडघा धरलेली वहिनी, पदर खोचून, दात ओठावर रोवून वल्ही मारत होती. सकाळी सातला मी निघताना ती अंथरुणात कण्हत होती.

होडी लहान. पाच बायका आणि बगळा, एवढंच मावणार होतं. वहिनी टुणकन उडी मारून दांड्यावर उतरली. "तुम्ही यांना सोडून या," ती त्याला म्हणाली, "आम्ही थांबतो." तो तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, "जा हो." तो गेला.

मग दांड्यावर आम्ही दोघी राहिलो. पाणी नडगीला.

"तुझा गुडघा बरा झालेला दिसतो," मी म्हटलं.

"गुडघ्याला काही झालंच नव्हतं. वन्सं, आता उठून जाऊ नका."

"जाणार कुठे? चारही बाजूंनी पाणी आहे."

"म्हणून तर आत्ताच बोलते. मी लग्न करतेय."

"कोणाचं?"

"माझं."

एक कुरव पक्षी डोक्यावरून ओरडत गेला. मी त्याच्याकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

"त्या... डॉक्टरशी?"

"बगळ्याशी," वहिनी म्हणाली.

"मी त्याला बगळा म्हणते, ते तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही त्यांना हाक मारतानासुद्धा अर्धा 'ब' तोंडातून काढता, मग 'डॉक्टर' म्हणता. त्यांना आवडतं ते नाव."

पाणी वर चढत होतं. मी जे विचारायला नको होतं तेच विचारलं. "आणि माझी खोली?"

"तुमची खोली कोणाला हवीय?"

"त्याला! कायमची दुर्बीण लावायची होती ना त्याला तिथे?"

"तुमच्यासाठी हो! तुम्ही दिवसभर माडीवर एकट्या भिंतीकडे बघत बसायच्यात. बघायला काहीतरी असावं म्हणून म्हणाले ते." तिचा आवाज चढला. मी तो आयुष्यात पहिल्यांदा चढलेला ऐकला. "मी पलीकडे राहायला जातेय, वन्सं. हे घर तुमचं. माडी, खालच्या खोल्या, ओसरी, सगळं. लेकीशी बोलून झालंय. हेच सांगायला गेले दोन महिने तुमच्या मागे फिरतेय आणि दर वेळी तुमचं डोकं दुखतं!"

मला काहीतरी जोरदार बोलायचं होतं. तोंडात आलं ते, "आणि दादा?"

वहिनीने भिजलेला पदर पिळून पुन्हा खोचला.

"कप खिडकीबाहेर गेला की तो वेचायला खाली कोण जायचं, वन्सं? तुम्ही सुट्टीत यायच्यात. समोर बसलेल्या असायच्यात." मग म्हणाली, "तुमच्याशी ते चांगले होते. ते मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. पण माझ्याकडून मागूही नका."

शेवाळाचा एक दोर माझ्या पायाला गुंडाळला. तो काढायला वाकले तर तोल गेला, म्हणून वहिनीचा दंड धरला. मग सोडायचं राहून गेलं. लाट आली की दोघी एकदमच हलत होतो.

"म्हणजे दीड महिना," मी म्हटलं, "मी लोकांना चिखलातून हिंडवत होते आणि तुम्ही दोघं माझ्या ओसरीवर—"

"चहा पीत होतो. बसून. गरम असला तरी, गार झाला तरी." ती हसायला लागली. "तुमचे फार उपकार आहेत, वन्सं. इतकी वेळेवर निघणारी आणि इतकी उशिरा परतणारी दुसरी कोणी मिळाली नसती."

बगळा परत आला. एक शब्द बोलला नाही. मला हाताला धरून होडीत घेतलं आणि कोरडे मोजे दिले. ओरडला असता तर भांडता आलं असतं. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं?

१३ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस वहिनीशी बोलले नाही. ती खाली, मी वर. सज्जातून पलीकडचं घर दिसतं. पिवळं आहे. भडक आहे.

भाचीचा फोन. "आत्या, आईने सांगितलं."

"कळलं मला. भर नदीत."

"ती म्हणते, तू नाही म्हणालीस तर ती करणार नाही."

"हा अधिकार मला कोणी दिला?"

"तिने."

"मूर्ख आहे ती. अट्ठावन्न वर्षांच्या बाईने नणंदेला विचारायचं असतं का?"

"म्हणजे 'हो' म्हणायचं का, आत्या?"

"मी फक्त ती मूर्ख आहे एवढंच म्हटलं. बाकी विचार करते."

विचार करायला बसले. मी नाही म्हटलं तर सगळं होतं तसं राहील. मी वर, ती खाली, दूध वेळेवर, गुणगुणणं बंद. खोलीही राहील आणि सोबतही. मला हवं होतं ते हेच. दिवसभर तेच ते डोळ्यांसमोर आणून पाहिलं. एकदाही नीट दिसेना. दर वेळी त्यात वहिनी खिडकीखाली वाकून काहीतरी वेचताना दिसायची.

१४ डिसेंबर, रविवार

फेरी नेली. वेळ बगळ्याला विचारून घेतली. सात नाही, पावणेसात. त्याने लिहून दिलेले रविवार सगळे सकाळच्या ओहोटीचे होते, हे आता कळलं. म्हणजे माझंही फार चुकलं नव्हतं.

परत येताना दुकानात गेले. दुकानदारीणबाई तयारच होत्या. शिवणक्लासने गावभर टाके घातलेले दिसतात.

"ऐकलं ते खरं का हो?" त्यांनी आवाज खाली आणला. दुकानातली बाकीची चार माणसं पुढे सरकली. "या वयात! तुमचे दादा असते तर त्यांना काय वाटलं असतं?"

"दादा असते तर हिचं लग्न कसं झालं असतं?" मी म्हटलं. "जरा डोकं चालवा. आणि साखर कमी भरलीत, पुन्हा तोला."

"नाही, पण लोक काय—"

"लोक म्हणजे तुम्हीच ना? मग तुम्हीच सांगा. तुमच्या नवऱ्याने गेल्या दहा वर्षांत तुमच्यासाठी कमी उंचीचा ओटा घातला? कमी उंचीची खुर्ची तरी?"

बाईंनी साखर तोलली. जरा जास्तच घातली.

 घरी येऊन आधी भाचीला फोन लावला. "आईला सांग, माझी हरकत नाही. तारीख मात्र फेरीच्या रविवारी नको."

"तूच सांग की, आत्या. खालीच आहे ना ती?"

खालीच होती. ओसरीच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. कान असे तिखट, ही एक्सचेंजमध्ये हवी होती. मी जिन्यावरूनच म्हटलं, "ऐकलंस ना? मग पुन्हा सांगत नाही." ती पदरात तोंड घालून रडायला लागली. नाही म्हटलं असतं तरी हेच केलं असतं. काही लोकांना दोनच गोष्टी येतात.

२२ जानेवारी, गुरुवार

लग्न झालं. कचेरीत, गर्दीत, पंख्याखाली. बगळ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्यामुळे तो ओळखू येत नव्हता. त्याच्या बाजूने त्याचा भाऊ, भावजय आणि दोन पुतणे. वहिनीच्या बाजूने भाची. वहिनीचे आईवडील फार पूर्वी गेले, भावंड नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हासुद्धा तिला पाठवायला एक म्हातारे काका आले होते, तेही जेवण झाल्यावर लगेच निघाले.

कारकून तरुण आणि सुस्त. साक्षीदारांना एकेक करून पुढे बोलावत होता. बगळ्याचा भाऊ झाला, भाची झाली. मग मी.

"वधूशी नातं?" त्याने मान वर न करता विचारलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. भाचीने पाहिलं. आता काय सांगायचं? आधीच्या नवऱ्याची बहीण, असं लिहिलं तर ते बरोबर आहे. पण त्या कागदावर दादाला पुन्हा तिच्या शेजारी बसवायचं?

"माहेरची," मी म्हटलं.

"म्हणजे नक्की कोण? बहीण? मावशी? माहेर हे काही नातं नाही, बाई."

"तुमच्या रकान्यात नसेल. लिहा. तिला यायचं झालं तर यायला घर आहे, खाली तीन खोल्या रिकाम्या आहेत, आणि तिथे मी असते. याला काय म्हणतात ते तुम्हाला येत नसेल तर आईला विचारून या, मी थांबते."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. मी तिला म्हटलं, "सोड, सही करायची आहे."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. अक्षर भयंकर होतं.